साहेबांचे थेंब

माणसाच्या शरीरात डोळा हाच खरा पुढारी आहे. तो जिकडे बघतो तिकडे बाकीचं शरीर मुकाट्यानं जातं. हा विचार माझा नाही. वाटूरच्या शाळेच्या मैदानावर, नेत्रतपासणी शिबिराच्या उद्घाटनात तो मी ऐकला. ज्या साहेबांनी तो मांडला ते त्या वेळी फोटोग्राफरकडे बघत होते आणि त्यांच्यामुळे सगळा मंडपही फोटोग्राफरकडे बघत होता. तेव्हा विचार अगदीच खोटा होता असं म्हणता येत नाही.

साहेब म्हणजे आमच्या भागातले एक पुढारी. त्यांचं नाव इथं लिहायची गरज नाही. आमच्याकडे प्रत्येक फाट्यावर ते लिहिलेलं आहे. शिबिर त्यांच्या वाढदिवसाचं होतं. मी जालन्याला मस्तगडात राहतो, नोकरीतून मोकळा झालो आहे आणि वाढदिवसांना जात नाही. पण वाटूरला माझी आत्या राहते, आणि तिचा मुलगा साहेबांचा कार्यकर्ता आहे. माझा हा आतेभाऊ माझ्यापेक्षा बराच लहान, मनानं चांगला, आणि पांढरा शर्ट घातला की कुणाचंच न ऐकणारा. त्यानं फोन करून सांगितलं की दादा, तुम्हाला काही करायचं न्हाई, नुस्ते इस्त्रीचे कपडे घालून पुढच्या खुर्चीत बसा. शिकलेले लोक समोर दिसले की भाषण चांगलं होतं म्हणे. मी गेलो, बसलो. भाषण चांगलं झालं नाही, पण लांब झालं.

मी गेलो ते खरं तर आत्यासाठी. आत्याला एकच डोळा आहे. उजवा लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेला. तुरी काढताना वाळलेला खुंट लागला, त्यावर कुणी मध घातला, कुणी बाळंतिणीचं दूध, आणि परतूरला नेईपर्यंत काही उरलं नव्हतं. तेव्हापासून सगळा संसार तिनं डाव्या डोळ्यावर केला. त्या डाव्या डोळ्याबद्दल ती कधी बोलत नाही, पण घरात कुणी फटाका उडवला, मिरच्या कुटायला घेतल्या किंवा बांबूची काठी नीट धरली नाही, तर तिचा हात आधी डोळ्यावर जातो.

शिबिराच्या दिवसांत वाटूरमध्ये डोळे आल्याची साथ होती. आत्याचा तोच एकुलता डोळा आला होता. सकाळी पापण्या पिवळट चिपडांनी घट्ट चिकटलेल्या असायच्या आणि कोमट पाण्याच्या बोळ्यानं सोडवाव्या लागायच्या. आतेभावानं तिला रांगेत सगळ्यांत पुढं उभं केलं. कार्यकर्त्याच्या आईला तेवढा मान असतो.

तपासायला शहरातून डोळ्यांचे एक डॉक्टर आले होते. ते भाषणं संपेपर्यंत थांबले, सत्काराचा नारळ घेतला आणि दुसऱ्या शिबिराला उशीर होतोय म्हणून निघून गेले. मागं एक गृहस्थ राहिले. त्यांच्याकडे बॅटरी होती. ते कोण होते हे मला अजून कळलेलं नाही. बॅटरी मात्र चांगली होती. ती ते प्रत्येकाच्या डोळ्यावर मारत, मान हलवत आणि बोटाएवढी एक बाटली शेजारच्या साहेबांकडे सरकवत. मोतीबिंदू असलेल्याला ती बाटली, डोळ्यात कुसळ गेलेल्याला ती बाटली, आणि डोळ्यांना काहीही झालेलं नसताना केवळ रांग दिसली म्हणून उभं राहिलेल्यालाही तीच. समतेचा एवढा चोख अंमल मी सरकारी कारभारात कधी पाहिला नव्हता.

बाटली साहेबांच्या हातून घ्यायची होती. घेताना ती अशी धरायची होती की स्टिकर कॅमेऱ्याकडे येईल.

त्या स्टिकरबद्दल थोडं सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यावरच अडलं. बाटलीवर मुळात औषधाचं लेबल होतं, त्यावर गुंडाळून हा दुसरा कागद चिकटवलेला. साहेबांचा चेहरा आला होता औषधाच्या नावावर. जोडलेले हात आले होते मुदतीच्या तारखेवर. आणि औषध कसं वापरायचं हे जिथं लिहिलेलं असतं तिथं ‘आपल्या दृष्टीसाठी सदैव तत्पर’ हे शब्द होते. मी बाटली उलटीसुलटी करून पाहिली. औषधाचं एक अक्षरही उघडं राहिलेलं नव्हतं. छापणाऱ्यानं मापं काटेकोर घेतली होती.

मी आतेभावाला विचारलं, यात आहे तरी काय? तो म्हणाला, “थेंब.”

दोन दिवसांत त्याचा जालन्याला फोन आला. आवाजात विजय होता. आईचा डोळा एकदम साफ, लाली बिलकुल गेली, गावात सगळ्यांचं तेच. लोक आता त्याला साहेबांचे थेंब म्हणून राह्यले. ज्यांना शिबिरात बाटली मिळाली नव्हती ते शेजाऱ्यांकडून मागून नेत होते. आमच्याकडे विरजण मागायला कुणाला लाज वाटत नाही. थेंबही तसेच घरोघर फिरू लागले. एका डोळ्यातून दुसऱ्या डोळ्यात, बाटलीचं तोंड पापणीला टेकवून, पदरानं पुसून. साथ पसरवायची एखाद्यानं मुद्दाम योजना केली असती तरी ती इतकी बिनचूक झाली नसती. तो मात्र सांगत होता की साथ आटोक्यात आली. डोळे लाल दिसत नव्हते ना.

मी त्याला म्हटलं की लाली जाणं आणि रोग जाणं या दोन गोष्टी आहेत. तो म्हणाला, “दादा, तुम्हाला चांगलं काही बघवतच न्हाई.” पुढं काही दिवस मी गप्प बसलो, कारण माझ्याबद्दलचं हे मत आमच्या घरात जुनं आहे.

मग आत्याच्या सुनेचा फोन आला. ही बाई मोठ्यानं कधी बोलत नाही. त्या दिवशी तर ती गोठ्यातून बोलत होती, मागं म्हशीचा आवाज येत होता. तिनं सांगितलं की आईंना उजेड सोसंना झालाय, दार लावून बसल्यात, डोळ्यातून पाणी जातंय आणि ठणका लागलाय. वरून डोळा लाल दिसत नाही, म्हणून घरातले म्हणतात की वयाचं असेल. थेंब चालूच आहेत.

मी म्हटलं, थेंब बंद करा आणि स्टिकर खरवडून खालचं नाव मला वाचून दाखवा.

ती म्हणाली, “ह्यांनी सांगितलंय, फोटोला नख लागलं न्हाई पाहिजे.”

ज्याला आमचा भाग माहीत नाही त्याला हे वेडेपणाचं वाटेल. तसा तो वेडेपणा नाही, हिशेब आहे. मागे एका घरानं साहेबांचा जुना फ्लेक्स कडब्यावर झाकायला घेतला आणि चेहरा खाली गेला. पुढच्या उन्हाळ्यात त्या गल्लीत टँकर सगळ्यांत शेवटी येऊ लागला. कुणी काही बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती. फोटो फाटला म्हणजे घर दुसऱ्या गटात गेलं, एवढं सगळ्यांना कळतं. आणि गावात त्या वेळी निवडणूक तोंडावर होती. म्हणून पाच-पन्नास घरांत पाच-पन्नास बाटल्या होत्या, प्रत्येकीत काहीतरी होतं, ते माणसं रोज डोळ्यांत घालत होती, आणि ते काय आहे हे वाचायला लागणारं नख कुणाच्याही बोटाला नव्हतं.

मी मिळाली ती बस पकडून वाटूर गाठलं.

आत्या आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसली होती, डोळ्यावर पदराची घडी. माझी चाहूल लागल्यावर तिनं घडी बाजूला केली, माझ्याकडे पाहिलं आणि लगेच डोळा मिटला.

“आलास का लेकरा,” ती म्हणाली. “उंची दिसून राह्यली तुझी. तोंड न्हाई दिसत.”

मी मोबाइलचा उजेड लांबून, तिरका धरून पाहिलं. बुबुळावर कडेला एक पांढरट ठिपका होता, तांदळाच्या कणीएवढा. मी डॉक्टर नाही. पण पांढरं काय आणि काळं काय एवढं कळायला डॉक्टर असावं लागत नाही.

आतेभाऊ ओसरीत होता. पुढच्या आठवड्यात साहेबांची सभा होती आणि तो खुर्च्यांचं ठरवत होता. मी म्हटलं, आईला आत्ता जालन्याला नेतो. त्यानं मला बाजूला घेतलं. माझ्या आयुष्यात मला अनेक गोष्टींचा संताप आला आहे, पण त्या ओसरीत जो आला तो वेगळा होता, कारण समोरचा माणूस वाईट नव्हता. त्याला आईची काळजी होती. ती त्याच्या तोंडावर दिसत होती. फक्त ती दुसऱ्या नंबरावर होती.

“चार दिवस थांबा दादा,” तो म्हणाला. “सभा होऊ द्या. आत्ता आईला दवाखान्यात नेलं तर समोरचा गट बोंब मारील, साहेबांच्या थेंबानं डोळा गेला म्हणून.”

“आणि खरंच गेला तर?”

“तुम्ही शिकलेले लोक ना, लगेच वाईटच बोलता.”

मी त्याला सांगितलं की हिला दुसरा डोळा नाही. हे त्याला माहीत होतं. त्याच्या जन्माच्या आधीपासून ते तसंच होतं. कदाचित म्हणूनच त्याच्या लक्षात राहिलं नसावं. आम्ही हळू बोलत होतो, पण जिचं दिसणं कमी झालेलं असतं तिचं ऐकणं वाढलेलं असतं. आतून आत्या म्हणाली, “तुमची सभा तुम्ही घ्या रे. मला घेऊन चल.” सून पिशवी भरून दारात उभीच होती. तिनं ती केव्हा भरली होती कुणास ठाऊक. बाटली तिनं रुमालात गुंडाळून बरोबर घेतली होती, फोटो चुरगळू नये म्हणून.

जालन्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टर एक मध्यमवयीन बाई आहेत. त्यांचा दवाखाना लहान, आवाज कोरडा. त्यांनी आत्याला यंत्रासमोर बसवलं, हनुवटी टेकवायला लावली, डोळ्यात पिवळा रंग घालून निळ्या उजेडात बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे न बघता विचारलं, काय घालत होता?

सुनेनं रुमाल सोडला. डॉक्टरबाईंनी बाटली हातात घेतली, साहेबांकडे क्षणभर पाहिलं आणि अंगठ्याचं नख कोपऱ्यात घालून स्टिकर ओढला. आधी कपाळ गेलं, मग मिशी, मग जोडलेले हात. सुनेनं मान दुसरीकडे वळवली. आमच्या भागातली एवढी मोठी राजकीय घटना मी इतक्या जवळून पाहिली नव्हती, आणि ती करणारी बाई तोवर दुसऱ्या हातानं दिवा नीट करत होती.

खाली औषधाचं नाव होतं. मुदत संपलेली नव्हती, हे साहेबांच्या बाजूनं सांगायला हवं. ते थेंब खोटेही नव्हते. डॉक्टरबाईंनी सांगितलं की हे स्टेरॉइडचे थेंब आहेत. ऑपरेशननंतर, काही विशिष्ट आजारांत, आम्ही डोळा पुन्हा पुन्हा तपासून हे देतो. त्यानं सूज आणि लाली पटकन उतरते. पण जंतूंचा संसर्ग असताना नुसते हेच घातले तर लाली जाते आणि जंतूंना रान मोकळं मिळतं. शरीर बोंब मारत होतं, तुम्ही त्याचं तोंड दाबलंत. चोर घरातच राहिला. आता बुबुळावर जखम आहे.

“डोळा वाचेल का?” मी विचारलं.

“ठिपका कडेला आहे. मध्ये सरकला नाही तर वाचेल. आज शब्द देत नाही.”

हे त्यांनी आत्यासमोरच सांगितलं, आणि आत्यानं ते ऐकून नुसतं “बराबर” म्हटलं.

जखमेचा नमुना काचेवर घेतला गेला. मग अँटिबायोटिकचे थेंब लिहून मिळाले, सुरुवातीला तासातासाला, रात्रीसुद्धा; आणि झोपताना मलम. आत्या आणि सून आमच्याकडे मस्तगडात राहायला आल्या. मला वाटत होतं की औषध मिळालं म्हणजे काम झालं. ते तसं नसतं. डोळ्यात थेंब घालणं ही गोष्ट घराघरांत रोज चालते आणि ती नीट कशी करायची हे घराघरांत कुणालाच माहीत नसतं, कारण कुणी कधी सांगितलेलं नसतं. शिबिरात भाषणाला जेवढा वेळ गेला त्यातला चहा पिण्याएवढा जरी याला दिला असता, तरी निम्मं गाव वाचलं असतं. डॉक्टरबाईंनी ते आम्हाला दाखवलं. हात साबणानं धुवा. मान मागं, नजर छताकडे. खालची पापणी बोटानं ओढून जी खोबण होते तिच्यात एक थेंब. दोन टाकले तर दुसरा गालावर जातो, डोळ्यात नाही. बाटलीचं तोंड कशालाच टेकवायचं नाही. मग डोळा हलकेच मिटायचा आणि नाकाजवळचा कोपरा बोटानं दाबून धरायचा. ही बाटली हिचीच. घरात दुसऱ्या कुणाचा डोळा आला तरी यातलं द्यायचं नाही. बरं वाटलं म्हणून मधेच सोडायचं नाही. हिचा टॉवेल वेगळा, उशीचा अभ्रा रोज धुवायचा, काजळ बंद.

मलमाची तऱ्हा आणखी वेगळी. आत्याला नळी दिसली की तिच्या लेखी तो बाम. पहिल्यांदा तिनं आमच्या हातून नळी घेऊन ते पापणीवर बाहेरून चोळलं आणि कपाळालाही थोडं लावलं. नंतर सुनेनं पापणीच्या आत भाताच्या शितासारखी रेघ घातली, तर थोड्या वेळानं धुरकट दिसतंय म्हणून आत्यानं पदरानं निपटून काढली. धुरकट दिसणारच, म्हणूनच ते झोपताना घालतात, हे तिला पटवायला माझ्या बायकोला जो वेळ लागला तेवढ्यात एखादा कायदा मंजूर होतो. तासातासाचं काम सुनेनं केलं. आम्ही पाळी लावायला गेलो, तर तिनं नकार दिला. आमच्या हातानं बाटली पापणीला लागते असं तिचं म्हणणं होतं आणि ते खरं होतं.

ठिपका वाढला नव्हता, पण कमीही होत नव्हता, अशा दिवसांत साहेब आमच्या घरी आले.

आमच्या गल्लीत दोन गाड्या शिरत नाहीत, त्यामुळे लोक पायी आले. पुढं फळांची परडी, मागं साहेब, त्यांच्या मागं मोबाइल उंच धरलेली माणसं. वाटूरची एक वृद्धा डोळ्यांच्या उपचारासाठी जालन्यात आहे, एवढी बातमी त्यांच्यापर्यंत गेली होती. ती का आहे, हे बहुधा गेलं नव्हतं. किंवा गेलं असेल तर त्याचा उपयोग सापडला होता. त्यांनी दाराची दोन्ही कवाडं सताड उघडली आणि ते आत्याच्या कॉटसमोर हात जोडून उभे राहिले.

“मावशी, काळजी करू नका. मी आहे.”

आत्यानं पदर डोळ्यावर दाबला. “कोण हाय?”

“साहेब आलेत,” परडीवाला म्हणाला.

“कोणते?”

ज्या माणसाचं तोंड शंभर किलोमीटरात कुणाला विसरता येत नाही, त्याला हा प्रश्न विचारला गेला होता, आणि विचारणाऱ्या बाईची त्यात काही चूक नव्हती. तिला पांढरं काहीतरी दिसत होतं, एवढंच.

“कोणते बी असू द्या,” आत्या म्हणाली. “त्यांना म्हणावं दार लावा. उजेड टोचून राह्यला.”

तेवढ्यात कुणीतरी फ्लॅश मारला. आत्या कळवळली. मी त्या माणसाचा मोबाइल हातानं खाली दाबला आणि साहेबांना म्हटलं की बाहेर चला, मला बोलायचं आहे. ते आले, शिकलेल्या माणसाला मतदार समजायची त्यांना सवय आहे. ओट्यावर मी त्यांना विचारलं की तुम्ही वाटलेल्या बाटल्यांत स्टेरॉइड होतं हे तुम्हाला माहीत होतं का. त्यांनी सांगितलं की आम्ही चांगल्या भावनेनं वाटले. मी म्हटलं, भावनेबद्दल शंका नाही, बाटलीबद्दल विचारतोय. ते म्हणाले, ते आमचे डॉक्टर बघतात. मी म्हटलं, तुमच्या डॉक्टरांनी एकही डोळा बघितलेला नाही, मी पुढच्या खुर्चीत होतो. मग मी मुद्द्यावर आलो: त्या बाटल्या अजून गावात घरोघर आहेत, लोक घालताहेत, तुम्ही एक शब्द सांगा की घालू नका. तुमच्या एका शब्दानं होईल ते डॉक्टरांच्या हजार शब्दांनी होणार नाही. या शेवटच्या वाक्यात मी त्यांची स्तुती केली होती, आणि ती खरी होती.

साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. असं एकदम सांगितलं तर लोक घाबरतील, ते म्हणाले. बघून घेतो. बाजूच्या माणसाला म्हणाले, नोंद घ्या. त्या माणसानं मान डोलावली. त्याच्या दोन्ही हातांत काहीही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या मोबाइलवर आमच्याच घरातला फोटो चार जणांनी पाठवला. ‘ज्येष्ठ मातेच्या उपचारांची जबाबदारी साहेबांनी स्वीकारली.’ परडी स्पष्ट आली होती. माझा कान आला होता. ज्येष्ठ माता आली नव्हती. तिनं पदर ओढला होता.

फळं चांगली होती. मी खाल्ली नाहीत. बायको म्हणाली, रागावर सफरचंद कशाला वाया घालवायचं, आणि तिनं ती सुनेला कापून दिली.

आतेभाऊ सभा झाल्यावर आला. सभेच्याच पांढऱ्या शर्टात आला आणि दारात थांबला. आत्यानं मान किंचित वळवली. तिचा डोळा तेव्हा अर्धवट उघडत होता.

“साहेब, परत आलात का,” ती म्हणाली. “दार लावा.”

त्यानं दार लावलं आणि तो तिच्या पायाशी बसला. मी त्याला ऐकवायला पुष्कळ वाक्यं तयार करून ठेवली होती. ती माझ्याकडेच राहिली, अजूनही आहेत. शेवटी त्यानं आपल्या बायकोला विचारलं की थेंबाची वेळ कधी. तिनं सांगितलं. त्यानं उठून हात धुतले, साबणानं, आणि बाटली मागितली. तिनं दिली नाही, पण पापणी ओढून धरायला दिली.

गावी गेल्यावर त्यानं जे केलं ते मला सुचलं नसतं. मी गावात घरोघर गेलो असतो तर स्टेरॉइड आणि जंतू समजावून सांगितलं असतं, आणि लोकांनी मला चहा पाजून परत पाठवलं असतं. तो प्रत्येक घरी गेला आणि म्हणाला की बाटलीवर साहेबांचा फोटो ओला होतो, चिकट होतो, पोरं पायदळी आणतात. मान राहत नाही. वाफेवर धरून स्टिकर अख्खा काढा, लोखंडी कपाटाला लावा. बाटली फेका. डोळ्याला त्रास असेल त्यानं परतूरला नाहीतर जालन्याला दाखवा. बायकांनी चुलीवर पाणी ठेवलं, वाफेवर स्टिकर सोडवले, एकाही फोटोला नख लागलं नाही, एकही घर दुसऱ्या गटात गेलं नाही, आणि सगळ्या बाटल्या उकिरड्यावर गेल्या. साहेब आज वाटूरच्या कितीतरी कपाटांवर हात जोडून उभे आहेत. साहेबांपर्यंत ही बातमी गेली तेव्हा ते खूश झाले असं आतेभाऊ सांगतो.

मला याचाही राग आहे. लोकांच्या डोळ्यांत चुकीचं औषध जातंय हे कारण पुरेसं नव्हतं. फोटोचा मान जातोय हे पुरलं. एवढं सरळ सत्य इतक्या लांबून, वाकून, टोपी काढून का सांगावं लागतं, असं मी आतेभावाला विचारलं. तो म्हणाला, “मंग? बाटल्या गेल्या ना?” बाटल्या गेल्या होत्या, हे खरं. राग मात्र गेला नाही.

थेंबांची अंतरं हळूहळू वाढत गेली, मलम चालू राहिलं. ठिपक्याची कड आधी मऊ होती, ती आवळली. डॉक्टरबाईंनी शेवटी पुन्हा तो पिवळा रंग घातला, निळ्या उजेडात पाहिलं आणि सांगितलं की जखम भरली. कडेला एक पुसट डाग कायम राहील, पण तो नजरेच्या वाटेत नाही. मग भिंतीवरच्या तक्त्यावर, अक्षरं न येणाऱ्यांसाठी असतात त्या फाटे फुटलेल्या खुणा कुठल्या बाजूला उघड्या आहेत ते आत्यानं बोटानं दाखवलं. ती बरीच खालपर्यंत गेली. डॉक्टरबाई म्हणाल्या, या वयाला हे छान आहे. सून रडली. मी रिक्षा बघायला बाहेर गेलो.

रिक्षातून घरी येताना आत्या नुसती बघत होती. मला वाटलं, गेलेली नजर परत मिळाल्यावर माणसाच्या मनात काय काय येत असेल, आपण ते विचारू नये. घरी आल्यावर सुनेनं ज्वारीच्या भाकरी केल्या. तासातासाला उठून जिनं तो डोळा राखला, तिच्या हातचं पहिलं ताट आत्यासमोर आलं. आत्यानं भाकरी उचलली, डोळ्याजवळ धरली, फिरवून पाहिली आणि म्हणाली, “एका कडंनं करपवलीस बघ.”

आम्ही सगळ्यांनी पाहिलं. करपली होती.